कापणीनंतरचं रान

कीबोर्डवरची डीची कळ गुळगुळीत झाली होती. बाकीच्या कळांवरची पांढरी अक्षरं अजून शाबूत होती, आणि ही मात्र चिंचोक्यासारखी काळी, चकचकीत — समीक्षाचं बोट तिच्यावर नुसतं टेकलेलं होतं, पडद्यावर पान उघडायला वेळ लागत होता, आणि तेवढ्यात तिला वाटून गेलं, ही कळ आपणच झिजवली. त्या एका शब्दापायी झिजवली. हे अर्थातच खरं नव्हतं. इंग्रजीत डी सगळीकडेच येतो, आणि हा कीबोर्ड तिच्या आधी आणखी कुणीकुणी बडवलेला होता. दोन गोष्टी एका वेळी दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही, हे बीएस्सीच्या पहिल्या वर्षीच शिकवलेलं. तरीही बोटाखालचा तो गुळगुळीतपणा... आणि एक हुरूप, परीक्षेच्या दिवशीचा नव्हे, जत्रेला निघतानाचा.

परीक्षा मात्र आजच होती.

सकाळी आल्या-आल्या रिंकी मॅडमनी तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं होतं. मॅडम गोंदियाच्याच, हिंदीत वाढलेल्या, मराठी बोलायला लागल्या की मध्येच रस्ता बदलायच्या.

"समीक्षा, रिपोर्ट देखी क्या? पहिले तू सबसे साफ होती. आता तुझ्या गलत्या वाढल्या. और गलती भी कैसी! छापणाऱ्यानं चुकीचं छापलं, तू ते बरोबर करून टाकते. काऊन?"

"हाताकडून होऊन जाते, मॅडम."

"हात नहीं सुधारता, बेटा. दिमाग सुधारता है." मॅडमनी आवाज खाली आणला. "खरं सांग. तू वाचून राहिली का?"

चोरी करून राहिली का, असं विचारावं तसं त्यांनी ते विचारलं. आणि समीक्षानं मान हलवली ती हो म्हणून की नाही म्हणून, हे तिचं तिलाही कळलं नाही.

रेलटोली भागातल्या त्या दुमजली इमारतीत, वरच्या हॉलमध्ये, परदेशातल्या कुठल्याशा ग्रंथालयाची जुनी इंग्रजी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढत होती. पुस्तक कुणाला दिसायचं नाही. यायचा तो पानाचा फोटो, आणि पानंही पिसलेल्या पत्त्यांसारखी, मागचं पुढे, पुढचं कुठल्या कुठे. एक पान दोघांना जायचं. दोघांनी एकमेकांना न विचारता ते टाइप करायचं. मग मशीन दोन्ही ताडून बघायचं, आणि जिथे फरक तिथे लाल खूण. म्हणून जोडीतली दोघं हॉलच्या दोन टोकांना बसत, आणि पानाबद्दल हॉलमध्येच काय, हॉलबाहेरही बोलायचं नाही असा नियम होता. दोघांनी मिळून एकच चूक केली तर ती मशीनला कधीच दिसणार नाही, हे त्यामागचं कारण. ज्याला इंग्रजी कमी येतं तो इथे चांगला. ज्याला कळतं तो वाचतो, आणि वाचणारा दुरुस्त करतो. समीक्षाला घेतलं होतं ते तिला वनस्पतींची लॅटिन नावं न अडखळता, अर्थ माहीत नसताना, अक्षर न चुकता लिहिता येत होती म्हणून. मुलाखतीत तिनं एका पानावर पन्नासेक झाडं लिहून दाखवली होती आणि मॅडम खूश होऊन म्हणाल्या होत्या, "बस, अशीच मुलगी पाहिजे. समझना कुछ नहीं है."

आणि आज — "एक पान देते. तुला आणि उमेंद्रला. साफ निघालं तर बस इथेच. पुन्हा सुधारून ठेवलं तर उद्यापासून खाली. लाइट बिलाचे फॉर्म. पगार तोच, बेटा, त्याची फिकर नको करू."

पगार तोच. म्हणूनच तर... पगार कमी झाला असता तर भांडता आलं असतं, रडता आलं असतं, घरी सांगता आलं असतं. पानं जाणार हे घरी कसं सांगायचं? बाबा विचारतील, कोणती पानं? आणि मी काय सांगू, बाबा, एक शब्द आहे, तो जाईल माझ्या हातचा.

पान अजून उघडत होतं. वरून खाली, पडदा सोडल्यासारखं, पट्टी-पट्टीनं.

तो शब्द पोळ्याच्या सुमारास पहिल्यांदा भेटला. एडिश. एकच डी, मधल्या एसऐवजी तो जुना लांबोडा एस, जो एफसारखा दिसतो आणि ज्यासाठी त्यांना वेगळी कळ दाबावी लागे. वाक्य असं काहीसं होतं की गवत कापून घरी आणलं की गाईंना एडिशमध्ये सोडावं. तिनं ते मुकाट टाइप केलं, पण दुपारी डबा खाताना तिच्या मनात आलं की एडिश म्हणजे गोठा असणार. इतकंच. एक साधा अंदाज, प्रयोगवहीत पेन्सिलीनं लिहितात तसा. आणि आठवड्याभरात दुसरं पान आलं — तिथं दोन डी — आणि गहू कापल्यावर बदकांसारखे कुठलेतरी पक्षी त्या एड्डिशात चरून लठ्ठ होत होते. म्हणजे गोठा नाही! ती खुर्चीतच सरळ झाली होती. गव्हाचं कापलेलं शेत, धसकटं, पडलेले दाणे. अंदाज खोडला, नवा लिहिला. मग तिसरं पान, बहुधा फार जुन्या मजकुराची नक्कल, शब्दाच्या शेवटी एस-एच नव्हे, एस-सी, आणि ते कुणाच्यातरी जमिनीच्या चतुःसीमेचं वर्णन होतं — ओढ्यापासून अमक्याच्या एडिस्कपर्यंत. म्हणजे कुंपण घातलेलं कुरण? मग पुन्हा एक पान, तिथे सुरुवातीला ई-ए-डी, आणि अर्थ स्पष्ट: कापणीनंतर जे पुन्हा उगवतं ते. धसकटांतून येणारा हिरवा फुटवा.

बंद कुरण. मोकळं धसकट. नंतरचा फुटवा. एकाच शब्दाला हे सगळं कसं पेलतं? की हे वेगवेगळे शब्द, चेहरा सारखा असलेले? तिला कॉलेजच्या बागेतलं तुतीचं झाड आठवायचं. एकाच फांदीवर एक पान अखंड, दुसरं एका बाजूनं फाटलेलं, तिसरं पंजासारखं. मुली तीन जाती म्हणून तीन नावं लिहून मोकळ्या झाल्या होत्या, आणि त्यांच्या शिकवणाऱ्या बाई हसून म्हणाल्या होत्या, "पान बघून काय पळता, फांदी कुठे जाते ते बघा." समीक्षा तेव्हापासून फांदी बघत आली होती. एका शनिवारी ती सायबर कॅफेत जाऊन बसली, शेजारच्या खोक्यात दोन पोरं गाड्यांची शर्यत खेळत होती, आणि हिनं तो शब्द सात तऱ्हांनी टाकून बघितला... जे मिळालं त्यानं तिचे कान तापले. जाणत्यांनाही नक्की माहीत नव्हतं! कुरणाचा शब्द आणि धसकटाचा शब्द मुळात एकच की दोन वाटांनी येऊन मिळालेले, यावर ते एकमेकांशी असहमत होते. आणि जुन्या काळी लाव्याला, त्या धसकटांतून भुर्रकन उठणाऱ्या पक्ष्याला, एडिशची कोंबडी म्हणत. ती एकटीच मोठ्यानं हसली. शर्यतवाल्या पोरांनी वळून बघितलं. जगात एक गोष्ट अशी होती की जी अजून संपलेली नव्हती, कुणीच तिच्यावर शेवटची रेघ मारलेली नव्हती, आणि ती गोंदियातून दिसत होती.

त्याच दिवसापासून चुका सुरू झाल्या. तेही तिला कळत होतं. कुठे छापखान्यातल्या कुणाच्या हातून एन उलटा बसून यू झालेला, उमेंद्रनं तो यूच टाइप केलेला, हिनं एन. लाल खूण. कुठे अक्षर गळलेलं, हिनं भरलेलं. लाल. कळणं हा रोगच असावा, आणि रोग्याला तो फार आवडत असावा.

पान उघडलं.

तिनं नजर पहिल्या ओळीवर ठेवली आणि ठरवलं तसंच सुरू केलं. शब्द बघायचेच नाहीत. अक्षर बघायचं. हे उभं दांडकं, त्याला पोट, पोटाचं तोंड डावीकडे. हे दांडकं बिनपोटाचं. ही मात्रेसारखी रेघ, ही शाईची की अक्षराची? शाईची. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजावी तशी ती चालली, आणि चालता येत होतं, दोन ओळी, चार ओळी, हात हलके, डोकं रिकामं, पंख्याची घरघर, खिडकीशी पाठमोरा उमेंद्र, त्याच्याही खांद्याची तीच लय. त्याला किती सोपं आहे. त्याला काहीच होत नाही. मलाही होत नाही आहे. बघा मॅडम, मला काहीही...

आणि मग धानाच्या बांधीत पाणी झिरपावं तसा अर्थ आत आला. कुठून आला ते दिसलं नाही, फक्त पायाखाली ओलं लागलं. गावाची गोष्ट होती. त्या गावात पीक घरी गेलं की सगळ्यांची जनावरं सगळ्यांच्या शेतात जात — हे दांडकं, हे पोट — आणि गरीब बायाबापड्या पडलेली कणसं वेचत, कुणी अडवत नसे, कारण कापणी झाल्यावर रान कुणा एकाचं राहत नसे, ते एडिश होत असे...

अक्षर बघ. अक्षर.

शिवलाल पटेलांची बांधी, गावची, लहानपणची. धान कापून नेल्यावरचा वास, ओलसर, पेंढ्याचा. धसकटं तळपायाला बोचायची आणि आई म्हणायची, "पाय घासत चाल, उचलून नको ठेवू," म्हणजे ती आडवी होतात आणि लागत नाहीत. इतर वेळी त्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून जायचं तर आई पदर सावरून, कडेकडेनं, पण कापणी झाल्यावर आई मधोमध चालायची. आपल्याच शेतातून चालल्यासारखी. सरवा, म्हणजे पडलेल्या लोंब्या, वेचताना ती गाणंसुद्धा म्हणायची. आणि मग तो एक दिवस: धुऱ्याच्या तोंडाशी बोरीच्या काट्यांच्या फांद्या, आणि पलीकडे रामकलीबाई, पटेलांची बायको, कमरेवर हात.

"पार्वता, आता अंदर नाही यायचं. लाखोडीची डाळ पेरली यांनी."

"आतापर्यंत तर येत होतो बाई."

"आतापर्यंत येत होते ना? आता नाही."

आई भांडली नाही. कशाच्या जोरावर भांडणार? कागद नव्हता, हक्क नव्हता, होता तो रिवाज, आणि रिवाजाला नाव नव्हतं. दरवर्षी जे होत आलं ते यंदा झालं नाही, एवढंच. आई परत फिरली आणि आमच्या अरुंद वाटेवर पुन्हा कडेकडेनं चालायला लागली. मी मागे. मी विचारलं, काऊन नाही जाऊ देत वो? आई म्हणाली, "चाल मुकाट्यानं." टोपली रिकामी होती आणि तरी तिनं ती डोक्यावरच ठेवली होती.

हात चालूच होते. समीक्षाला ते जाणवलं तेव्हा ती पानाच्या अर्ध्याच्याही खाली आलेली होती. आता मागे जायची सोय नव्हती, ओळ एकदा सोडली की सुटली, उलटून बघायचं नाही, हाही नियमच, वेग राहावा म्हणून. आणि पानावर आता एक माणूस आला होता. त्याचं नाव छापील अक्षरांत फुटलेलं. त्यानं एडिशभोवती कुंपण घातलं होतं. लिहिणारा चिडलेला होता, हे त्याच्या वाक्यांवरून कळत होतं, वाक्यं आखूड झाली होती, आणि तोच शब्द तो पुन्हा पुन्हा आणत होता, दर वेळी वेगळ्या अक्षरांनी, जणू कुठल्या तरी एका रूपात तो त्या माणसाच्या कानात शिरेल. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. दुःखानं नव्हे. आनंदानं, चक्क आनंदानं! तिकडेसुद्धा! समुद्रापलीकडे, गव्हाच्या मुलखात, ज्याला धान म्हणजे काय ठाऊक नाही अशा कुणाला नेमकं हेच दिसलं होतं, आणि आईच्या ज्या गोष्टीला नाव नव्हतं तिला तिथे नाव होतं, एक नव्हे, चार-पाच, गळक्या, वाकड्या, धांदरट अक्षरांतली... पण होतं. कुणीतरी लिहून ठेवलं होतं. हात धावत होता. पुढची ओळ, आणि तिला माहीत होतं की त्या ओळीच्या शेवटी तोच शब्द येणार, तो दिसण्याआधी माहीत होतं, आणि हात पुढे होता आणि डोळा मागे, आणि ओळ संपली आणि तिनं कळ दाबली आणि पान गेलं.

पडदा पांढरा.

काय टाइप केलं मी?

तिनं आठवून बघितलं. डोळ्यांपुढे शेवटचा शब्द आणायचा प्रयत्न केला. तिथे एक अक्षर पुसट होतं, किंवा नव्हतंच, किंवा भलतंच होतं. आणि बोटांनी जे होतं ते उमटवलं, की जे असायला हवं होतं ते? बोटं तिच्या मांडीवर पडलेली होती, निरागस, काही न सांगणारी. बघितलं ते लिहिलं की कळलं ते लिहिलं... दोन्हींमधली भिंत कुठे होती तीच सापडेना.

"झालं?" मॅडम मागे उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"झालं."

"रिपोर्ट उद्या."

संध्याकाळी कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या एसटीत उमेंद्रनं तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती. तो गोरेगावला उतरायचा, ती पुढे कोहमाऱ्याला. वर्षभर ते असेच येत-जात, क्रिकेटवर, मॅडमच्या चपलांवर, डब्यातल्या भाजीवर बोलत, आणि दिवसभर दोघांनी जे एकच पान बोटांखालून घातलं त्यावर कधी नाही.

"काय वो, आज मॅडम तुह्याच मांगं काऊन उभी होती?"

"परीक्षा होती माही."

"कायची?"

"न वाचायची."

"हाट्! त्याच्यात तर मी जन्मापासून पास आहो." तो आपल्याच बोलण्यावर खूश होऊन हसला. "आमच्या मास्तरले विचार. पुस्तक उघडून बसत होतो, एक शब्द अंदर जात नव्हता."

ती हसली. बस फाटकाशी थांबली होती, मालगाडी जात होती, एकेक डबा, एकेक डबा, आणि तिच्या आत ते पान अजून धावत होतं. न बोलण्याची सवय वर्षभराची. नियम चांगला होता, तिला पटलेला होता, त्यामागचं शास्त्र तिला मॅडमपेक्षा जास्त कळत होतं. दोन निरीक्षकांनी आधी आपसांत बोलायचं नसतं.

"उमेंद्र, त्या पानात काय होतं ते मालूम आहे तुले?"

"मले कायले मालूम राहीन? एडिश-फेडिश काहीतरी होता. जागोजागी अलग. छापणाऱ्याले लिहायले येत नसन बिचाऱ्याले."

"त्याले येत होतं," ती म्हणाली. आणि मग थांबता आलं नाही. तिनं गोठ्यापासून सुरुवात केली, आपल्या पहिल्या चुकीच्या अंदाजापासून, मग पक्षी, मग चतुःसीमा, मग लाव्याचं नाव, शब्द एकावर एक पडत होते, वाक्यं अर्धी राहत होती, ती सीटवर आडवी वळून बसली होती, पुढच्या बाकावरची म्हातारी मागे बघत होती. मग गाव, मोकळं रान, कणसं वेचणाऱ्या बाया, आणि तो कुंपणवाला माणूस. आईचं तिनं काही सांगितलं नाही. ते सांगायला गेलं तर पटेलांचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि उमेंद्रच्या घरच्यांनाही गावात पटेलच म्हणत.

मालगाडी संपली. बस हलली. उमेंद्र हसायचा थांबला होता. तो पुढच्या सीटच्या दांडीकडे बघत होता.

"आमचे आबा टाकतेत काटे," तो म्हणाला. "धान कापला का दुसऱ्या दिवशी. धुऱ्याच्या तोंडाशी."

"लाखोडीसाठी?"

"पहिले लाखोडीसाठी. आता त काहीच नाही पेरत. तरी टाकतेत. मीच आणून देतो बोरीच्या फांद्या. कायले टाकतेत, कधी विचारलाच नाही."

बाहेर दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या मागे पळत होत्या, आणि उमेंद्रचे ओठ हलत होते, आवाज न करता. तो काहीतरी परत जुळवून बघत होता, सकाळचं पान, त्यातल्या ज्या ओळी त्याच्या बोटांखालून नुसत्याच गेल्या होत्या त्या — ती ओळखत होती ती हालचाल, पोळ्याच्या दिवसांत डबा खाताना तिचेही ओठ असेच हलले असणार — आणि लख्खकन तिच्या ध्यानात आलं की हे आपण काय करून बसलो. उद्या हा पान उघडेल आणि त्याला दिसेल. त्याच्या हातूनही एन सुधारला जाईल. किंवा दोघांच्या हातून एकदमच, आणि मशीन गप्प राहील.

"मग?" तो म्हणाला. "त्या माणसाचा काय झाला पुढं? कुंपण काढलं का त्यानं?"

"तिथंच पान संपलं."

"असा कसा संपला!" तो खरोखरच रागावला, मास्तरांवर रागावावं तसा. "पुढचा पान कोणाकडं तरी आलाच असन ना. आपल्याच हॉलमध्ये. कोणीतरी टाइप करून मोकळा झाला असन, न पाहता."

"खुशबूकडं आलं असेल. नाहीतर दुधरामकडं."

"दुधरामले त विचारूच नको. तो डोळे बंद करून टाइप करते."

गोरेगाव आलं. तो उतरला, आणि खाली उभा राहून, लोकांचे धक्के खात, खिडकीशी येऊन म्हणाला, "तू खुशबूले विचार, मी बाकीच्याइले विचारतो," आणि नियमाचं नावही त्याच्या तोंडी आलं नाही, तिच्याही.

बस पुढे निघाली. उद्या रिपोर्ट आहे, हे तिला मुरदोलीचं जंगल सुरू झाल्यावर आठवलं. ती घाबरायची वाट बघत बसली. भीती यायला हवी होती, ती अशा वेळी नेहमी येते. आता तर दोन जागांचा प्रश्न होता, तिची आणि त्याची, आणि त्याच्या जागेवर तर तिचा काही हक्क नव्हता. हे सगळं तिनं नीट, एकेक करून, स्वतःला समजावून सांगितलं. आणि ते ऐकता-ऐकताच ती मनातल्या मनात हॉलच्या पहिल्या रांगेपासून निघाली होती, खुर्ची-खुर्चीशी थांबत होती, कुणाच्या पाठीवर हात ठेवत होती: तुझ्याकडे आलं का गं? कुंपणाचं? नीट आठव. नीट आठवून सांग...